परसबागेसाठी कमी निगेची फळझाडे : निवड व लागवड

परसबागेतील फळझाड निवडताना फळाच्या आवडीइतकाच जमीन, पाणी व उपलब्ध जागा यांचा विचार करावा. कमी निगा म्हणजे शून्य निगा नव्हे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी व आच्छादन द्यावेच लागते.

बोर : उन्हाळ्यात पानगळ होऊन झाड विश्रांती घेते, त्यामुळे पाणीटंचाईतही तग धरते. फळे नवीन फुटीवर येत असल्याने एप्रिल-मेमध्ये छाटणी करावी. कलमाच्या जोडाखालील फूट नियमित काढावी. अन्यथा खुंटाचे रानबोर वाढून कलम दबते.

आवळा : ‘झाड फुलते, पण फळ धरत नाही’ ही तक्रार अनेकदा एकट्या झाडाची असते. आवळ्यात स्वपरागीकरणाने फळधारणा अल्प होते. म्हणून भिन्न वाणांची किमान दोन कलमे लावावीत, उदा., एनए-7 व कृष्णा. जागा एकाच झाडापुरती असल्यास शेजाऱ्याशी विचारविनिमय करून दोन्ही अंगणांत वेगवेगळे वाण लावावेत.

करवंद : काटेरी कुंपण आणि लोणच्यासाठी फळे असा दुहेरी लाभ मिळतो, हलकी, मुरमाड जमीनही चालते.

लागवड : 60×60×60 सेंमी आकाराचे खड्डे उन्हाळ्यात तापू द्यावेत. पावसाळ्याच्या सुरुवातीस ते शेणखत व मातीने भरून कलम लावावे. जोड जमिनीच्या वर ठेवावा. पाणी साचणारी जागा टाळावी.

कलमे खात्रीशीर रोपवाटिकेतूनच घ्यावीत व वाणाची नोंद ठेवावी. निवडीतील चूक फळधारणेच्या वेळीच, म्हणजे काही वर्षांनी लक्षात येते.