माजी सैनिकांच्या पाल्यांचे उच्च शिक्षण : सवलत, शिष्यवृत्ती आणि अनुदान

रणांगणावरून परतलेल्या सैनिकाविषयी राष्ट्राचे जे कर्तव्य असते, त्यात निवृत्तिवेतन व औषधोपचार यांच्या जोडीला उच्च शिक्षणाची गणना ठळकपणे झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. अमेरिकेत १९४४ साली झालेल्या कायद्यान्वये माजी सैनिकास वर्षाला पाचशे डॉलरपर्यंत शिक्षणशुल्क व त्याशिवाय निर्वाहभत्ता मिळू लागला. सुमारे बावीस लक्ष माजी सैनिकांनी त्याच्या आधारे महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या व्यवस्थेत विद्यार्थी होता तो प्रामुख्याने स्वतः सैनिक.

भारतातील व्यवस्थेचा रोख मुख्यत्वे सैनिकाच्या कुटुंबाकडे आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. आपला जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान सैन्यातून निवृत्त होतो. पुढे थोड्याच वर्षांत त्याची मुले महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर येतात. म्हणजे ज्या काळात घरखर्चाचा भार वाढत जातो, नेमक्या त्याच काळात कुटुंबाची मिळकत निवृत्तिवेतनापुरती उरते. जो जवान सेवेत असतानाच धारातीर्थी पडला, त्याच्या कुटुंबाची स्थिती याहून बिकट असते. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाच्या ज्या तीन प्रमुख योजना आहेत, त्यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचे योजिले आहे.

या तिन्ही योजनांना बोलीभाषेत सरसकट ‘फौजी शिष्यवृत्ती’ म्हटले जाते. परिणामी एकीचे नियम दुसरीला लावले जातात, आणि पात्र विद्यार्थी लाभास मुकतो. वस्तुतः पहिली योजना त्यागावर, दुसरी गुणवत्तेवर व तिसरी गरजेवर आधारलेली आहे. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे बाकीचे नियम समजण्यास अडचण पडत नाही.

१. शैक्षणिक सवलत

१९७१ च्या युद्धाची समाप्ती होताच, १८ डिसेंबर १९७१ रोजी, या योजनेची घोषणा लोकसभेत करण्यात आली. युद्धात वा लष्करी कारवाईत मृत्यू पावलेल्या, बेपत्ता झालेल्या अथवा कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचे शिक्षणशुल्क, वसतिगृहाचा आकार, पुस्तके, गणवेश इत्यादींचा खर्च शासनाने उचलावा, असे तिचे स्वरूप आहे. येथे गुणांची स्पर्धा नाही व लाभार्थींच्या संख्येचे बंधनही नाही. पित्याचा त्याग हीच पात्रता होय.

या योजनेच्या इतिहासातील एक प्रकरण उल्लेखनीय आहे. १ जुलै २०१७ पासून शिक्षणशुल्क व वसतिगृह शुल्क मिळून दरमहा दहा हजार रुपयांची मर्यादा घालण्यात आली. व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्यांना तिची झळ विशेष बसणार होती. या निर्णयाविरुद्ध व्यापक नाराजी प्रकट झाली आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा मागे घेण्यात आली. तथापि शिक्षणसंस्था शासकीय, अनुदानित किंवा केंद्र वा राज्य शासनाची मान्यता असलेली असावी, ही अट कायम आहे. म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी संस्थेच्या मान्यतेची खातरजमा करून घेणे अगत्याचे ठरते.

२. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना

केंद्रीय सैनिक मंडळामार्फत २००६-०७ या वर्षापासून राबविण्यात येणारी ही योजना गुणवत्तेची आहे. तिचा खर्च राष्ट्रीय संरक्षण निधीतून भागविला जातो. वर्षाला ५,५०० शिष्यवृत्त्या असतात व त्या मुले आणि मुली यांच्यात समसमान वाटल्या जातात. २०१९ साली वाढविलेल्या दरांनुसार मुलींना दरमहा ३,००० रुपये व मुलांना २,५०० रुपये मिळतात. चार वर्षांचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या मुलीस एकूण १,४४,००० रुपये मिळतात, यावरून या साहाय्याचे मोल ध्यानात यावे.

बारावी, पदविका वा पदवी यांपैकी जी प्रवेशाची किमान अर्हता असेल, तीत किमान ६० टक्के गुण असावे लागतात. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त व व्यावसायिक असावा लागतो. परदेशातील शिक्षणास ही शिष्यवृत्ती लागू नाही. निवडीत युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांस अग्रक्रम असून, त्यानंतर अपंगत्व आलेले, सेवेमुळे मृत्यू पावलेले, शौर्यपदक-विजेते व शेवटी अधिकारी पदाखालील अन्य माजी सैनिक असा क्रम आहे.

या योजनेतील सर्वांत महत्त्वाची अट मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते. अर्ज करावयाचा तो अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी. ते वर्ष हुकले की त्या अभ्यासक्रमापुरती शिष्यवृत्ती हुकली, मग दुसऱ्या वर्षी गुण कितीही उत्तम असोत. वरील उदाहरणातील मुलीचे एक लक्ष चव्वेचाळीस हजार रुपये अशा रीतीने केवळ माहितीच्या अभावी बुडू शकतात.

दुसरी दुर्लक्षित बाब अशी की, ही शिष्यवृत्ती पाल्यांप्रमाणेच सैनिकाच्या विधवा पत्नीसही खुली आहे. अल्पवयात वैधव्य आलेल्या भगिनीस स्वतःचे शिक्षण पुढे नेऊन स्वावलंबी होण्याचा हा मार्ग कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी तिच्यापर्यंत पोहोचविला पाहिजे.

३. शिक्षण अनुदान

ज्यांना गुणांची अट साधत नाही वा ज्यांचा अभ्यासक्रम व्यावसायिक नाही, अशा कला, वाणिज्य व विज्ञान शाखांतील विद्यार्थ्यांकरिता रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतील अनुदान उपयोगी पडते. हवालदार व तत्सम हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन अपत्यांना इयत्ता पहिलीपासून पदवीपर्यंत, तसेच पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विधवांना ते मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही रक्कम दरमहा एक हजारावरून दोन हजार रुपये करण्यात आली. सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीतून या अनुदानाचा खर्च होतो. ७ डिसेंबरला शाळा-कचेऱ्यांतून जो लहानसा ध्वज छातीवर लावला जातो, त्याच्या मोबदल्यात दिलेला पैसा कोठे जातो, याचे एक उत्तर येथे मिळते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे

वरील तिन्ही योजना केंद्राच्या असल्याने बेळगाव, पणजी, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा हैदराबाद येथे राहणाऱ्यांस त्या सारख्याच लागू आहेत. राज्य शासनांच्या सवलती व राखीव जागा यांचे नियम मात्र राज्यपरत्वे भिन्न असून, त्या सामान्यतः अधिवासावर अवलंबून असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावी असल्यामुळे सेवेनंतर त्याच परिसरात स्थायिक झालेली कुटुंबे थोडी नाहीत. अशा माजी सैनिकांनी आपली नोंद मूळ गावच्या जिल्ह्यात आहे की राहत्या जिल्ह्यात, हे प्रथम पाहावे. कारण जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र त्या नोंदीवरूनच मिळते.

सेवामुक्ती पुस्तिकेत पाल्याचे नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे काय, हेही वेळीच तपासावे. बारावीच्या निकालानंतर प्रवेश, महाविद्यालयाचे प्रमाणपत्र व बँक खाते यांची धावपळ एकाच वेळी सुरू होते. त्या गर्दीत नावातील एका अक्षराची दुरुस्तीदेखील अर्जाची मुदत उलटून जाण्यास पुरेशी ठरते. हे काम पाल्य अकरावीत असतानाच उरकलेले बरे.

कार्यालयांकडूनही एक अपेक्षा आहे. अकरावी-बारावीत शिकणारी मुले ज्या माजी सैनिकांच्या घरी आहेत, त्यांची यादी नोंदवहीवरून काढून निकालापूर्वीच त्यांना पत्र धाडणे फारसे कठीण नाही. दुर्गम खेड्यातील वीरपत्नीला योजनांची नावे ठाऊक असतीलच असे नाही. तिने कार्यालयाचा पत्ता शोधत यावे, यापेक्षा कार्यालयाचे पत्र वेळेवर तिच्या दारी पोहोचावे, हे अधिक उचित होय.