टो लिंक आधी, बाकी सगळं नंतर

पुणे

चि. ओंकार,



तुझं पत्र आणि गाडीखाली आडवं होऊन काढलेले फोटो मिळाले. जुनी का असेना, लोटस एलिस १११आर घेतलीस, आणि तीही नॉर्विचला, हेथेलच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहून. फार आनंद झाला. आधी चांगली पकड असलेले टायर घ्यावेत, ब्रेक बदलावेत की मागचे टो लिंक, असं तू विचारलंयस. आधी टो लिंक. ते काम होईपर्यंत स्नेटरटनच्या ट्रॅकवर गाडी न्यायची नाही. काका म्हणून हे एवढं एकच मी तुला बजावून सांगतोय. बाकीच्या गोष्टींत तुझी मर्जी.

कारण नीट समजून घे. १९९५ साली एलिस पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा रिचर्ड रॅकहॅम यांनी आखलेलं तिचं ॲल्युमिनियमचं, गोंदाने चिकटवलेलं चेसिस जेमतेम ६८ किलोचं होतं. तुझी टोयोटा इंजिनाची गाडी नंतरची, तरी सगळी मिळून सुमारे ८६० किलोच. एवढी हलकी गाडी करायची तर प्रत्येक कामाला एकच भाग द्यावा लागतो, आणि तो भाग चुकला तर सांभाळून घ्यायला शेजारी दुसरा भाग ठेवता येत नाही. ही त्या गाडीची खोड नव्हे, तिचा स्वभाव आहे. तो ओळखूनच तिची देखभाल करावी लागते.

मागच्या चाकाला वर-खाली दोन विशबोन धरून ठेवतात. पण चाकाचं तोंड कुठल्या दिशेला असावं हे ठरवते ती तिसरी, बारीक दांडी, म्हणजे टो लिंक. तिचं एक टोक चाकाच्या अपराइटला आणि दुसरं आतल्या पोलादी सबफ्रेमला. पुढच्या चाकात काही ढिलं झालं तर स्टीअरिंगमधून हाताला कळतं, थोडंफार सावरताही येतं. मागे तुझा हात पोचत नाही. ही दांडी सुटली की चाक स्वतःच्या मर्जीने वळतं आणि गाडी गरकन फिरते.

हिशेब करून बघ. तुझ्यासकट गाडी साधारण ९४० किलो धर. त्यातलं ६० टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर. वळणात एक जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका, जोर आला की मागच्या बाहेरच्या चाकावर आडवा दाब सहज चारशे किलोच्या घरात जातो, आणि त्यातला काही वाटा टो लिंकमधून आतल्या जोडाकडे येतो. टायरची पकड वाढवलीस की हा दाब वाढणार. म्हणून टायर आधी नकोत.

आता मुख्य दुखणं. कारखान्यातून आलेल्या रचनेत आतल्या बॉल जॉइंटचा खिळा सबफ्रेममध्ये एकाच बाजूने नटाने आवळलेला असतो. याला सिंगल शिअर म्हणतात. नट पुरेसा घट्ट आहे तोवर काम चालतं. तो जरा सैल झाला की खिळा प्रत्येक वळणात, प्रत्येक ब्रेकला किंचित वाकतो आणि सरळ होतो. विहिरीवरच्या रहाटाचा कणा दोन्ही खांबांत टेकवतात, एका खांबातून अधांतरी सोडत नाहीत. इथे मात्र तो अधांतरी आहे. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या टो लिंक किटमध्ये खिळ्याच्या मोकळ्या टोकालाही आधार देतात आणि डाव्या-उजव्या जोडांमध्ये एक आडवी पट्टी टाकून दोन्ही एकमेकांना बांधतात. तो डबल शिअर. वाकणं जवळजवळ थांबतं. तुला पैसे या आधारासाठी मोजायचे आहेत. दांडी ॲल्युमिनियमची की स्टीलची, निळी की सोनेरी, हा प्रश्न गौण आहे. नुसती सुंदर दांडी घेऊन ती पुन्हा त्याच एकेरी खिळ्यावर टांगलीस तर काहीही साधलं नाही.

तुझा तिसरा फोटो मी मोठा करून पुन:पुन्हा पाहिला. डावीकडच्या आतल्या जोडाचा रबरी बूट चिरलाय आणि नटाच्या कडेला तांबूस भुकटीची बारीक रेघ आहे. साधा गंज असता तर तो पसरट दिसला असता, सबफ्रेमवर इतरत्र दिसतोय तसा. ही भुकटी नेमकी दोन पृष्ठभागांच्या फटीतून बाहेर आलीय. म्हणजे घट्ट असायला हवेत ते दोन भाग एकमेकांवर घासतायत. माझं आयुष्य सस्पेन्शनचे भाग यंत्रावर थकवून तपासण्यात गेलं. पोलाद थकून तुटतं तेव्हा तुटलेल्या तोंडावर आधी गुळगुळीत, एकामागून एक चापाकृती रेषा दिसतात आणि शेवटचा छोटा भाग खडबडीत असतो. त्या रेषा म्हणजे तडा हळूहळू पुढे सरकल्याच्या खुणा. अखेरचा झटका एका क्षणाचा, पण तयारी कित्येक दिवस चालू असते, आणि ती अशा भुकटीतून आधी कळते.

आजच एक कर. गाडीचं मागचं अंग उचलून स्टँडवर ठेव, नुसत्या जॅकवर कधीही नाही. जॅक कुठे लावायचा ते मॅन्युअलमध्ये बघ, चिकटवलेल्या चेसिसला भलतीकडे टेकू दिलास तर ते चेपेल. मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून आळीपाळीने ढकल-ओढ कर आणि मित्राला आतल्या जोडावर बोट ठेवायला सांग. डोळ्याला न दिसणारा खेळ, म्हणजे ढिलेपणा, बोटाला लागतो. टो लिंकचं चाकाकडचं टोक चाकाच्या वळण्याच्या आसापासून १५० मिलिमीटरवर धरलं, तर जोडातला एक मिलिमीटर खेळ म्हणजे चाकाचा कोन जवळपास ०.४ अंशाने बदलणं. कारखान्याचं मागचं टो-इन, म्हणजे चाकाचं तोंड किंचित आत वळवलेलं असणं, यापेक्षा कमी असतं. म्हणजे एवढ्याशा खेळाने आत वळलेलं चाक बाहेर वळू शकतं, आणि ते नेमकं ब्रेक मारून वळणात शिरताना.

किट बसवताना दोन्ही बाजू एकदमच बदल. जुनी दांडी काढण्याआधी तिची मध्य ते मध्य लांबी मोजून नवी तेवढीच ठेव, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी सरळ चालेल. सबफ्रेमचं भोक लांबट झालंय का, आजूबाजूला तडा आहे का, हे ब्रशने साफ करून भिंगाने बघ. तसं असेल तर त्यावर नवं किट चढवू नकोस, आधी सबफ्रेमचा विचार कर. आत नायलॉनची कडी असलेले नट नवेच वापर, टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळ आणि नटावरून बोल्टवर रंगाची एक रेघ ओढ. रेघ तुटली की नट हलला. आतल्या जोडाची उंची वॉशर घालून वरखाली करू नकोस. ती बदलली की खड्ड्यावर चाक वर-खाली होताना टो, म्हणजे चाकाच्या दिशेचा कोनही, बदलत राहतो.

किटमधले रॉड एंड, म्हणजे दांडीच्या टोकांचे सांधे, रबरी बुटासकट घे. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, उघडा रॉड एंड त्यात लवकर झिजतो. बॉल जॉइंटपेक्षा त्याची निगा जास्त लागते हे मान्य करूनच तो बसवायचा. आणि विशबोनच्या रबरी बुशांच्या जागीही असेच सांधे घालावेत का, याला माझं उत्तर ‘नको’ असं आहे. रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ते रबर आवाज आणि धक्के गिळतं. चेसिस मुळात इतकं ताठ आहे की तुला तिथे जास्त ताठपणाची गरज नाही.

विमा कंपनीला हा बदल लेखी कळव. एमओटी तपासणीत गाडी पास झाली याचा अर्थ ट्रॅकसाठी तयार झाली असा काढू नकोस. ती तपासणी रस्त्यापुरती आहे.

शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट, चालकाच्या सीटवर तुझ्या वजनाइतकं ओझं ठेवून. त्यानंतर काही दिवस रोजच्या रस्त्यावर चालव, मग सगळे नट पुन्हा तपास. पुढेही ट्रॅकवर जायच्या आदल्या दिवशी रंगाच्या रेघा बघायच्याच. स्नेटरटनचं रिचेस हे पहिलंच वळण वेगाचं आहे, तिथे शंका घेऊन शिरू नये. तुझी आत्ताची तारीख पुढे ढकल, आणि अलाइनमेंटचा कागद हातात आला की त्याचा फोटो आधी मला पाठव.

तुझा,
काका