आकडा दिसतो, संख्या दिसत नाही

ताडकळससारख्या आपल्या गावातील एक अकरा वर्षांचा मुलगा क्षणभर डोळ्यांसमोर आणा. कविता त्यास दोनदा ऐकून मुखोद्गत होते. कपाशीच्या पानावर पडलेली कीड तो बापाच्या आधी ओळखतो. आजीने शंभराची नोट देऊन त्यास वाण्याकडे धाडले; गूळ आणि चहापूड मिळून त्रेसष्ट रुपये झाले. वाण्याने दिलेली मोड मुठीत धरून तो तसाच घरी परतला. "किती परत दिले रे बाळा?" असे आजीने विचारताच त्याने मूठ उघडून दाखविली. सदतीस असावेत की सत्तावीस, कमी आले की अधिक, याचा अंदाजही त्याच्या मनात उमटला नव्हता. आजी म्हणाली, "लक्ष कुठं असतं याचं!" गुरुजींनी आळशी ठरविले, सोबत्यांनी ढब्बू म्हटले, आणि अखेरीस त्याने स्वतःविषयी तेच मत करून घेतले.

हा मुलगा कल्पनेतला खरा. परंतु त्याचे सोबती कल्पनेतले नाहीत. शंभरांपैकी सुमारे तीन ते सात मुलांस ही अडचण असते, असे निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांवरून मानले जाते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात दोनचार तरी असावयाचीच. या स्थितीस 'डिस्कॅल्क्युलिया' हे नाव असून मराठीत तीस गणन-अक्षमता म्हणता येईल. मेंदूस इजा झाल्यावर प्रौढ मनुष्याची हिशेबाची शक्ती नष्ट होते, ही गोष्ट स्वीडनमधील वैद्य हेन्शेन यांनी 1919 च्या सुमारास वर्णिली होती. परंतु बुद्धी शाबूत असताना केवळ गणनाची शक्ती जन्मतःच दुबळी असू शकते, हे स्पष्ट शब्दांत मांडण्याचे श्रेय ब्राटिस्लाव्हा येथील मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव कोश्च यांच्या 1974 च्या लेखास दिले जाते.

या मुलांचे नेमके काय अडते? टेबलावर तीन चिंचोके टाकले तर आपण ते मोजीत नाही. पाहताक्षणी तीन म्हणतो. चारापर्यंत बहुतेकांस हे साधते. गणन-अक्षम मुलास मात्र तेथेही पुष्कळदा एक, दोन, तीन असे मोजावे लागते. आठ मोठे की पाच, हे सांगण्यास आपणांस विचार करावा लागत नाही, कारण त्या शब्दांमागे लहानमोठ्या राशी मनात उभ्या राहतात. त्याच्या मनात त्या उभ्या राहत नाहीत, किंवा फार अंधुक राहतात. मस्तकाच्या वरच्या बाजूस, किंचित मागे, मेंदूच्या पार्श्वखंडात एक खोल घडी आहे. राशीचे आकलन मुख्यत्वे तिच्या आसपासच्या भागात होते, आणि अशा मुलांत त्या भागाचे कार्य काहीसे निराळे चालते, असे मेंदूच्या चित्रांवरून दिसून आले आहे. तेव्हा छडीने सुधारणारी ही गोष्ट नव्हे. दृष्टी अधू असलेल्या मुलास फळा वाचता आला नाही म्हणून आपण मारीत नाही, चष्मा देतो.

पाढ्यांवरून पालकांची फार फसगत होते. मूल बे एके बे पासून बे दाहे वीस पर्यंत सुरात म्हणते, म्हणून त्यास पाढा आला असे आपण समजतो. मध्येच "बे साते किती?" असे विचारा. ते मनातल्या मनात पुन्हा बे एके बे पासून निघते, आणि वाटेत कोणी बोलले की वाट हरवते. त्याने गाणे पाठ केले आहे. गाण्यातील संख्या त्यास भेटलेलीच नाही.

येथे आपल्या मराठीचाही थोडा विचार केला पाहिजे, कारण आपले संख्यावाचक शब्द मोठे अवघड आहेत. आपण म्हणतो 'पंचेचाळीस': आधी पाच, मग चाळीस. लिहिताना मात्र आधी 4, मग 5. कान एक क्रम सांगतो, हात दुसरा मागतो. शिवाय 'एकोणपन्नास' म्हणजे पन्नासास एक उणा. म्हणजे उच्चारायचे पन्नास आणि लिहावयाचा चार! आणि या नियमाने नव्व्याण्णवपर्यंत जावे, तर तेथे नियमच मोडतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' याच्या जोडीस 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला हे अनेकांस स्मरत असेल. गणित विषयसमितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी ती रीत मुलांचा भार हलका व्हावा म्हणून आणल्याचे सांगितले होते. पुष्कळांनी त्यावर विनोद केले. माझे मत विचाराल तर, जुने शब्द भाषेचे धन आहेत, ते जाऊ नयेत. पण ज्या मुलाची दशक-एककात नित्य गाठ पडते, त्यास 'चाळीस आणि पाच' म्हणू देण्यात भाषेचे काय बिघडते?

वेळेची भाषा त्याहूनही कठीण. घड्याळात तीन वाजून पंचेचाळीस मिनिटे झाली असता आपण 'पावणेचार' म्हणतो. काटा चारावर पोचलेलाही नसतो. सव्वा, साडे, पाऊण, आणि त्यांत 'साडेएक', 'साडेदोन' न म्हणता दीड आणि अडीच. एस.टी. पावणेचारास सुटते असे ऐकून आपला मुलगा सव्वाचारास फाट्यावर जाऊन उभा राहतो. मग त्यास घरी काय ऐकावे लागत असेल! आपल्या आजोबांच्या काळी तर पंतोजी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. सोळा आण्यांच्या रुपयात त्यांचा उपयोग होता. त्यातून परभणीचा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. येथे हाली रुपया चाले आणि सरहद्दीपलीकडे कलदार, दोहोंची किंमत वेगळी. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा आपल्या कल्पनेतील मुलाच्या आजोबांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, कारण ही अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते.

हे सर्व शाळेपुरतेच असते तर एवढे बिघडले नसते. परंतु हा मुलगा उद्या मोठा होतो. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर दहा लिटर पाण्यास किती मिलिलिटर हे लिहिलेले असते. त्यात एका शून्याची चूक झाली तर पीक जळते, किंवा मनुष्य दवाखान्यात पोचतो. तान्ह्या मुलाचे औषध 2.5 मिलिलिटर द्यावयाचे. मधला ठिपका नजरेतून सुटला की पंचवीस. कापसाचे वजनमाप, एकराचे चाळीस गुंठे, सावकाराचे शेकडा व्याज, मोबाइलवरून पैसे पाठविताना टाकावयाची शून्ये, या प्रत्येक ठिकाणी तो दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो. आपणांस हिशेब कळत नाही हे लोकांस कळू नये म्हणून तो मोड मोजल्याचे सोंग करतो. फसविले गेल्याचे दुःख एक वेळ सोसते. हे सोंग आयुष्यभर वागविणे फार जड जाते.

मात्र गणित न येणारे प्रत्येक मूल गणन-अक्षम असते असे समजू नये. आपल्या मराठवाड्यातून कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्यासोबत गेलेल्या मुलाचे अर्धे वर्ष बुडते. त्यास भागाकार येत नाही याचे कारण मेंदूत नसून फडात आहे. कोणास ऐकू कमी येते, कोणास नीट शिकविलेलेच नसते, कोणी भीतीने गोठलेला असतो. अशांस चांगले शिकविले की ती भराभर पुढे जातात. जे मूल वर्षभर मनापासून शिकवूनही आठ आणि पाच यांच्या बेरजेला बोटांवरच येते, त्याच्याविषयी शंका घ्यावी.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील शंभर मेंढरांचा मेंढपाळ तुम्हांस ठाऊक आहे. एक हरवल्याचे त्यास कसे समजले असेल? मोजून, असे आपण सहज म्हणतो. परंतु आपल्याकडील धनगरास विचारा. तो सांगेल की न दिसणाऱ्या मेंढराचा चेहराच आठवतो. गणन-अक्षम मुलास अशाच दुसऱ्या वाटा दाखवाव्या लागतात. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून त्याच्या हाती द्याव्या आणि चौतीस म्हणजे तीन जुड्या व चार सुट्या काड्या, हे त्यास बोटांनी कळू द्यावे. सागरगोटे, चिंचोके, फाशांचा पट, यांत मूल कंटाळल्यावाचून मोजते. बाजारास जाताना वस्तू व किंमत कागदावर लिहून द्यावी. नोटा रंगावरून ओळखून वेगवेगळ्या खिशांत ठेवण्यास शिकवावे. गणकयंत्र वापरू द्यावे. त्यात लाज कसली? आणि "लवकर सांग" हे दोन शब्द मात्र घरातून हद्दपार करावे, कारण घाईने त्याची उरलीसुरली संख्याही पळून जाते.

कायदाही आता त्याच्या बाजूस आहे. महाराष्ट्र शासनाने 1996 पासून अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांस शालान्त परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. जादा वेळ ही त्यांतील एक, आणि गणन-अक्षम विद्यार्थ्यास बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित व एक कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभा ही दुसरी. 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेत हिचा नावानिशी समावेश झाला. शिक्षकांनी तिसरीत, म्हणजे सुमारे आठव्या वर्षी, मुलांची प्राथमिक चाचणी घ्यावी, आणि दाखला मिळालेल्या मुलाची चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांत म्हटले होते. दाखला शासनाने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. त्यासाठी पालकांनी प्रथम वर्गशिक्षकांस व मुख्याध्यापकांस भेटावे, आणि तेही दहावीचे वर्ष उजाडण्याची वाट न पाहता. जाताना मुलाच्या गणिताच्या दोनतीन वर्षांच्या वह्या बरोबर न्याव्या. आपण ज्यांस निष्काळजीपणा म्हणून लाल शाईने खोडले, त्याच चुका पानापानावर एकाच रीतीने उमटलेल्या त्यांत दिसतील, आणि तपासणाऱ्यास तोच सर्वांत मोठा पुरावा वाटेल.