पोहण्यापूर्वी विहिरीचे गणित

वार्षिक परीक्षा संपली की जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीसारख्या गावात मुलांची पावले आपोआप मळ्यातील विहिरीकडे वळतात. शहरातील एखाद्या बंगल्यात पोहण्याचा तलाव असतो व उन्हाळ्यापूर्वी तो स्वच्छ करायला माणसे येतात. आपला तलाव म्हणजे आपली विहीर. तिची तयारी आपणच करायची. त्यासाठी लागणारे बहुतेक शास्त्र तुमच्या शाळेच्या पुस्तकातच आहे.

पहिले काम गाळ काढण्याचे. हे काम मोठ्या माणसांचे आहे. तुम्ही काठावरच थांबा. सडक्या पालापाचोळ्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. तो हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे खोल विहिरीत तळाशी साचून राहतो. म्हणून जुनी माणसे आधी पेटता कंदील खाली सोडतात. कंदील विझला तर आत उतरू नये, हे खरेच. परंतु कंदील जळत राहिला म्हणजे हवा निर्धोक आहे, असे मात्र समजू नका. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालविले, तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडने माणूस दगावतो आणि कंदील मात्र जळतच असतो! तेव्हा इंजिन नेहमी काठावर, मोकळ्या हवेत ठेवावे.

गाळ व पालापाचोळा निघाला की निर्जंतुकीकरण. यासाठी ब्लीचिंग पावडर, म्हणजेच गावात जिला टी.सी.एल. म्हणतात ती, वापरतात. पण किती? येथे गणित हवे. समजा, विहिरीचा व्यास 6 मीटर व पाण्याची खोली 4 मीटर आहे.

पाण्याचे घनफळ = 3.14 × 6 × 6 × 4 ÷ 4 = सुमारे 113 घनमीटर

एका घनमीटरात 1000 लिटर पाणी मावते. म्हणजे पाणी झाले 1,13,000 लिटर. दर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम ताजी पावडर, हे नेहमीचे प्रमाण. म्हणून 113 × 2.5 = सुमारे 283 ग्रॅम पावडर लागेल.

ताज्या पावडरीत उपयोगी क्लोरीन सुमारे 33 टक्के असतो. तेव्हा 283 ग्रॅममधून सुमारे 93 ग्रॅम क्लोरीन मिळेल. लिटरमागे सुमारे 0.8 मिलिग्रॅम. त्यातील काही भाग पाण्यातील घाण व जंतू यांवर खर्च होतो. एका तासानंतर लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे. पाणीपुरवठा पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे तपासणीचा संच असल्यास त्याच्याकडून हे पाहून घ्या. क्लोरीन कमी भरला, तर पावडर वाढवावी लागेल.

आता एक प्रश्न. पावडर ओलसर जागी उघडी पडून तिच्यातील क्लोरीन निम्माच उरला असेल, तर ती किती घ्याल? उत्तर स्वतः काढा.

पावडर तशीच विहिरीत भिरकावू नये. घरातील मोठ्या माणसाने एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा अधिक न घेता प्रथम पाण्यात तिची लापशी करावी, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावे आणि दहा मिनिटे निवळू द्यावे. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून, ती बादली दोराने विहिरीत बुडवून वरखाली हलवावी. तळाचा चुना बाहेर टाकावा. तो विहिरीत गेला तर पाणी जड होते. हे काम संध्याकाळी करावे, कारण कडक उन्हात क्लोरीन लवकर नाहीसा होतो. रात्रभरात पाणी तयार! मात्र झऱ्यांचे नवे पाणी येत राहते, म्हणून हा उपाय पुन्हा पुन्हा करावा लागतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरीत गप्पी मासे सोडलेले असतील, तर आधी आरोग्य सेवकाला विचारा. क्लोरीन माशांना बाधतो.

पाणी स्वच्छ झाले, पण अजून एक धोका उरला आहे. स्वच्छ पाण्यात तळ दिसतो, आणि नेमके तेच पाणी आपल्याला फसविते! पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरणांचे वक्रीभवन होते. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 1.33 असल्यामुळे सरळ वरून पाहता खोली पाऊणपटच भासते. तिरपे पाहिले तर आणखी कमी. आता पाहा, पाणी 2 मीटर खोल असेल तर ते दीड मीटर दिसेल. दीड मीटर उंचीच्या मुलाला वाटेल, "इथे माझे पाय टेकतील." प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावर अर्धा मीटर पाणी असेल!

म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. दोराला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा, टोकाला दगड बांधा आणि मोठ्या माणसाला सोबत घेऊन चार-पाच ठिकाणी खोली मोजा. उन्हाळ्यात पाण्याची पातळी रोज खाली जाते. काल खोल बुडालेली खडकाची कपार आज पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेली असू शकते. तेव्हा उडी मारण्यापूर्वी रोज मोजा.

पाठीला बांधायचा रिकामा डबा 5 लिटरचा असेल, तर तो पूर्ण बुडाल्यावर 5 किलोग्रॅम पाणी बाजूला सारतो. डब्याचे वजन अर्धा किलोग्रॅम धरले, तर उरलेला साडेचार किलोग्रॅमचा आधार तुमचा. आर्किमिडीजचा नियम तो हाच. पण झाकणातून पाणी शिरले की हा आधार नाहीसा होतो. म्हणून डबा आधी बादलीत दाबून पाहा. बुडबुडे आले तर तो बाजूला ठेवा. आणि पट्टीचा पोहणारा मोठा माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात उतरू नका. त्याची जागा कोणतेही गणित घेऊ शकत नाही.