नक्षलपीडित कुटुंबाची पाच लाखांची मदत: पदरचे किती जातात?

गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडच्या गावात ‘पोलिसांचा खबरी’ ठरवून माणूस मारला गेला, की त्याच्या बायकोपुढे दोन प्रश्न उभे राहतात. घर कसं चालवायचं? आणि सरकारी मदत मिळवायला आधी किती पैसे घालावे लागतील? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. अर्जाला फी नाही. पैसे जातात ते एसटीला, बुडालेल्या मजुरीत आणि मधल्या माणसाच्या खिशात. यातला मधला माणूस पूर्ण टाळता येतो. ‘साहेबांना द्यावे लागतात’ असं कुणी म्हणालं, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक फिरवा.

मदत मिळते ती केंद्रीय गृह मंत्रालयाच्या योजनेतून. २००८ साली सुरू झालेल्या या योजनेत आधी तीन लाख मिळत. २०१६ पासून पाच लाख मिळतात. दहशतवादी, जातीय आणि नक्षली हिंसाचार, सीमेपलीकडचा गोळीबार, भूसुरुंगाचा स्फोट यांत नागरिकाचा मृत्यू झाला किंवा ५० टक्के वा अधिक कायमचं अपंगत्व आलं, तर ती लागू होते. कुटुंबातल्या कुणाला या घटनेपोटी सरकारी नोकरी दिली असेल, तर मात्र ही रक्कम मिळत नाही. नोकरीचा प्रस्ताव समोर आला, तर दोन्ही बाजूंचा हिशेब करूनच सही करा. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती घेते.

आता कागदपत्रं. एफआयआरची प्रत पीडिताला मोफत द्यायची, हे कायद्यातच आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर शुल्क नाही. पुढे विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्याने किंवा पोलीस पाटलाने एवढं एक काम अंगावर घ्यावं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही सरकारी रुग्णालयात पैसे लागत नाहीत. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. तरी स्टॅम्पपेपर विकायला बसलेले लोक ५०० रुपयांचा कागद गळ्यात मारतात.

फाईल अडते ती बहुतेक वेळा नावावर. एफआयआरमध्ये ‘लालसू’, आधारवर ‘लालसु’, रेशनकार्डावर आडनावच नाही, आणि मृत्यूच्या दाखल्यात बापाचं नाव तिसरंच. माडिया आदिवासींची नावं लिहिणारा कारकून परगावचा असला की हे होतंच. अर्ज देण्याआधी सगळे कागद शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर ‘ही एकच व्यक्ती आहे’ असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. एक हेलपाटा वाचला तरी दोन दिवसांची मजुरी वाचते, कारण भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून दूर आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. गडचिरोलीला निघण्याआधी जवळच्या पोलीस मदत केंद्रातली ‘दादालोरा खिडकी’ गाठा; दाखले आणि योजनांचे अर्ज तिथे भरून मिळतात. ठाण्यात जाताना दिसण्याची भीती ज्यांना वाटते, त्यांनी तहसीलचा रस्ता धरावा. ती भीती खोटी नाही.

वारसांत वाद नसेल तर कुणाच्या सांगण्यावरून कोर्टातून वारस दाखला काढायला धावू नका. तो खरंच लागतो का, हे समितीला लेखी विचारा. वाद असेलच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. स्त्रिया आणि अनुसूचित जमातींना उत्पन्न न पाहता हा वकील फुकट मिळतो. हेल्पलाइन १५१०० आहे.

अर्ज दिल्यावर पोच आणि आवक क्रमांक घ्या. काही महिने उत्तर आलं नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत फाईल कोणत्या टेबलावर आहे ते विचारता येतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत.

पण हे सगळं त्या बाईने का करावं? खून झाल्याचं ठाण्याला, तहसीलला, जिल्हाधिकाऱ्यांना तिच्या अर्जाआधीच कळलेलं असतं. एफआयआर नोंदवली त्याच दिवशी समितीने स्वतः फाईल उघडावी, माडिया-गोंडी बोलणारा एक कर्मचारी त्या घरी पाठवावा आणि कागद तिथेच गोळा करावेत. शरण आलेल्या नक्षलवाद्याच्या पुनर्वसनासाठी ठरलेली यंत्रणा आहे, आणि ती हवीच. नक्षली चळवळीने ज्यांना पोरकं केलं, त्यांच्यासाठीही तेवढीच तत्पर यंत्रणा जिल्ह्यात उभी राहिली पाहिजे.

मंजुरीनंतरही रक्कम लगेच हाती येत नाही. ती राष्ट्रीयीकृत बँकेत तीन वर्षांच्या मुदत ठेवीत राहते आणि दर तिमाहीचं व्याज बचत खात्यात जमा होतं. ते खातं आधीच, शून्य शिलकीचं उघडा. ठेवीची पावती स्वतःकडे ठेवा, दुकानदाराकडे किंवा पुढाऱ्याकडे गहाण टाकू नका. त्या तीन वर्षांत पेरणीला पैसे लागले, तर सावकाराआधी बचत गटाकडे विचारा.