पायांची अस्वस्थता आणि रोजची दिनचर्या

दिवसभराच्या श्रमांनंतर अंथरुणाला पाठ टेकली की बहुतेक माणसांचे पाय विसावतात. काही माणसांच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडते. शरीर थकलेले असते, डोळ्यांवर झोप असते. परंतु पाय स्वस्थ राहू देत नाहीत. पोटऱ्यांत आतून काही सरपटत आहे, सुरसुरत आहे असे वाटते आणि पाय हलविण्याची अनिवार इच्छा होते. उठून चार पावले टाकली की बरे वाटते. पुन्हा आडवे व्हावे तो पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. या विकारास वैद्यकशास्त्रात ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ असे नाव आहे. मराठीत त्यास ‘पायांची अस्वस्थता’ म्हणता येईल.

भारतातील पुष्कळ घरांत बसल्या जागी पाय हलविणे अशुभ मानतात आणि तसे करणाऱ्या मुलास वडीलमाणसे दटावतात. रात्री घरात येरझारा घालणाऱ्या स्त्रीला ‘उगाच काळजी करते’ असे ऐकावे लागते. कित्येकजणी पोटऱ्यांना फडके घट्ट आवळून कशीबशी रात्र काढतात. दुखण्याला नाव नसल्यामुळे ते डॉक्टरांना सांगितलेही जात नाही. झोप मात्र रोज बुडते आणि तिच्यामागून दिवसाची मरगळ, चिडचिड व कामातील चुका येतात. म्हणून प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ही खोड नव्हे आणि मनाचा खेळही नव्हे. हा मज्जासंस्थेचा विकार आहे. रोजच्या सवयींनी तो बराचसा आटोक्यात ठेवता येतो. मात्र त्या सवयी विकाराचे स्वरूप जाणून लावलेल्या असाव्या लागतात.

विकाराची ओळख

हा विकार नवा नाही. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ साली आपल्या लॅटिन ग्रंथात त्याचे वर्णन केले होते. पुढे १९४५ साली कार्ल-ॲक्सेल एकबोम या स्वीडिश मज्जाविकारतज्ज्ञाने त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि आजचे नाव रूढ झाले.

विकाराची चार लक्षणे आहेत. पहिले, पाय हलविण्याची अनावर इच्छा. तिच्याबरोबर बहुधा पायांत चमत्कारिक संवेदना असतात. दुसरे, बसल्यावर अथवा पडल्यावर त्रास सुरू होतो किंवा वाढतो. तिसरे, चालल्याने वा पाय ताणल्याने, निदान ती हालचाल चालू असेपर्यंत, आराम पडतो. चौथे, संध्याकाळी व रात्री त्रास अधिक असतो आणि सकाळी तो सर्वांत कमी असतो. ही चारही लक्षणे एकत्र आढळली आणि दुसऱ्या कोणत्याही दुखण्याने त्यांचा उलगडा होत नसला, तरच हे निदान करतात.

पायात गोळा येणे ही निराळी गोष्ट आहे. गोळा आला की स्नायू दगडासारखा कठीण होतो आणि तीव्र कळ येते; पायांच्या अस्वस्थतेत स्नायू मऊच असतो. मांडी घालून बसल्याने आलेल्या मुंग्या बैठक बदलताच जातात. मधुमेहात मज्जातंतू बिघडून होणारी तळव्यांची जळजळ चालल्याने थांबत नाही. तथापि एकाच माणसास दोन दुखणी असू शकतात; म्हणून शंका असल्यास तपासणी करून घेणे इष्ट.

हा विकार स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो. गरोदरपणी, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत, तो पुष्कळ स्त्रियांना होतो आणि प्रसूतीनंतर बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. मुलेही त्यास अपवाद नाहीत. अमेरिका व ब्रिटन येथे झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ८ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे २ टक्के मुलांत तो आढळला. अशा मुलाचे चुळबुळणे म्हणजे अवखळपणा समजून त्याला शिक्षा करणे अन्यायाचे होय.

मेंदू, लोह आणि रात्र

मेंदूत डोपामीन नावाचे एक द्रव्य असते. मज्जापेशींमध्ये निरोप पोहोचविण्याचे काम ते करते आणि शरीराच्या हालचालींवर त्याचा प्रभाव असतो. ते तयार करणाऱ्या एन्झाइमला लोहाची गरज असते. या विकाराच्या रुग्णांच्या मेंदूतील काही भागांत लोह कमी असते, असे संशोधनात आढळले आहे. रक्तातील लोह पुरेसे असतानाही मेंदूत ते कमी पडू शकते. डोपामीनचे कार्य दिवसरात्रीच्या चक्राप्रमाणे बदलत असते. त्रास रात्रीच का वाढतो याचा उलगडा काही अंशी यावरून होतो. विकाराची प्रवृत्ती कित्येक कुटुंबांत आनुवंशिक असते आणि तिच्याशी निगडित अशा काही जनुकांचा शोध २००७ साली लागला.

लोहाचा मुद्दा भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी २५ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या उणिवेनेच होतो असे नाही. पण ते त्याचे एक प्रमुख कारण आहे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. हिमोग्लोबिन ठीक असले म्हणजे शरीरातील लोहाचा साठाही पुरेसा आहे, असे म्हणता येत नाही. साठ्याचा अंदाज फेरिटिन या प्रथिनाच्या तपासणीने येतो. एका लिटर रक्तजलात ७५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी फेरिटिन असल्यास या विकारात प्रौढांना लोह देण्याचा विचार तज्ज्ञ करतात. प्रयोगशाळेच्या कागदावर हाच आकडा ‘प्राकृत’ म्हणून छापलेला असू शकतो. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन वाढते. म्हणून अशा वेळची तपासणी फसवी ठरते.

ताटातील लोह आणि पेल्यातील चहा

हरभरा, मसूर, चवळी, मटकी, बाजरी, राजगिरा, अळीव व पालेभाज्या यांतून लोह मिळते. परंतु वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. मांस, यकृत व मासे यांतील लोह अधिक सुलभतेने शोषले जाते. शाकाहारी माणसाने जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू यांची जोड दिल्यास त्यांतील क जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. आमटीसारखा आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजविल्यास त्यात थोडे लोह उतरते.

या साऱ्यावर पाणी पाडणारी सवय म्हणजे जेवणाबरोबर चहा घेणे. चहातील टॅनिनवर्गीय द्रव्ये लोहाला बांधून ठेवतात. आसामातील चहा असो की तमिळनाडूतील कॉफी, जेवण आणि पेला यांच्यात निदान एक तासाचे अंतर असावे. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये. शिवाय चहा-कॉफीतील कॅफीन कित्येक तास शरीरात टिकते व झोपेत व्यत्यय आणते. ज्यास त्रास आहे त्याने दुपारनंतरचा चहा दोन आठवडे बंद करून फरक पडतो का ते पाहावे. मद्याने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटक असते आणि कित्येकांचा पायांचा त्रास वाढतो. तंबाखूही वर्ज्य करणेच हिताचे.

लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीवाचून स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. थॅलॅसेमियासारख्या काही विकारांत शरीरात लोह साचून अपाय होतो.

चालणे आणि दिवसाची आखणी

२००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात रुग्णांनी १२ आठवडे, आठवड्यातून ३ दिवस, चालण्याचा आणि पायांच्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम केला. ज्यांना केवळ सवयींविषयी सल्ला मिळाला होता, त्यांच्यापेक्षा या रुग्णांचा त्रास बराच अधिक कमी झाला. सकाळी किंवा संध्याकाळच्या आरंभी अर्धा तास भरभर चालणे आणि भिंतीला हात टेकून पोटऱ्यांना ताण देणे, एवढे बहुतेकांना साधण्याजोगे आहे. दमछाक करणारा व्यायाम रात्री उशिरा करू नये. त्याने त्रास उलट वाढू शकतो.

त्रासाची वेळ ठरलेली असल्यामुळे दिवसाची आखणी तिच्याप्रमाणे करता येते. बैठे काम शक्य तितके सकाळी उरकावे. इस्त्री, स्वयंपाकाची तयारी, झाडांना पाणी घालणे अशी उभ्याने करावयाची कामे संध्याकाळसाठी ठेवावीत. आगगाडीने दूरचा प्रवास करावयाचा झाल्यास सकाळची गाडी सोयीची. मार्गिकेलगतची जागा घेतल्यास इतरांना न उठविता फेरी मारता येते. झोपण्याची व उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने स्नान करणे अथवा पोटऱ्या चोळून घेणे याने पुष्कळांना आराम पडतो. काहींना गार पाण्याने बरे वाटते. मन गुंतविणारे काम, जसे विणकाम, बुद्धिबळ किंवा शब्दकोडे, बसून राहणे भाग असते तेव्हा उपयोगी पडते. फडके बांधणे झालेच तर सैल असावे. घट्ट बांधल्याने रक्ताभिसरणास अडथळा येतो.

सवयींची मर्यादा

सवयींनी सौम्य विकार सुसह्य होतो. तीव्र विकारात त्या पुरेशा नसतात. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह अथवा गरोदरपण असल्यास, किंवा आठवड्यातून अनेक रात्री झोप मोडत असल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. घेत असलेल्या सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. कारण सर्दी व खाजेवरील झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या, ओकारीवरील मेटोक्लोप्रमाइड आणि नैराश्यावरील काही औषधे हा त्रास वाढवितात. तरीही कोणतेही औषध आपण होऊन बंद करू नये.

डोपामीनसारखे कार्य करणारी औषधे पूर्वी सर्रास दिली जात. प्रारंभी त्यांनी आराम पडतो. परंतु दीर्घकाळ घेतल्यास कित्येकांचा त्रास दिवसा लवकर सुरू होऊ लागतो व हातांपर्यंत पसरतो. म्हणून अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात ती नेहमीच्या उपचारासाठी न वापरण्याचा सल्ला दिला आहे. लोहाची तपासणी व गरजेप्रमाणे पूर्ती यांस आता अग्रस्थान मिळाले आहे.

रुग्णाने दोन आठवडे एक लहानशी नोंदवही ठेवावी: त्रास केव्हा सुरू झाला, चहा केव्हा घेतला, चालणे झाले की नाही, झोप किती लागली. ‘पायांत कसेसेच होते’ या मोघम तक्रारीपेक्षा ती वही डॉक्टरांना पुष्कळ अधिक सांगते. घरातील मंडळींनीही आपला वाटा उचलावयास हवा. रात्री उठून फेऱ्या घालणाऱ्या माणसास दटावून पुन्हा झोपविणे म्हणजे त्याचा त्या घटकेचा एकमेव उपाय काढून घेणे होय.