पाण्याची कसोटी

मुलांनो, सोनार सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर घासून पाहतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु सोनेच कसोटी होऊन पाण्याची परीक्षा करू लागले, तर?

जालना जिल्ह्यातील वाटूरसारख्या गावी कापसाच्या पिकावर कीटकनाशक फवारतात. पावसाबरोबर त्याचा अंश जमिनीत मुरून विहिरीपर्यंत पोहोचू शकतो. पाणी मात्र काचेसारखे नितळ दिसते. डोळ्यांस वा जिभेस ज्याचा सुगावा लागत नाही, ते विष ओळखावे कसे?

१९२८ साली कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एक शोध लावला. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर पडला, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा अंश आपला रंग बदलतो. हा बदल प्रत्येक पदार्थाचा निराळा असतो. जणू त्याच्या अंगठ्याचा ठसाच! परंतु हा प्रकाश अतिशय क्षीण असतो. १९७४ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन येथे मार्टिन फ्लायशमन व त्यांचे सहकारी यांना चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावर तो पुष्कळच प्रखर आढळला. सोन्याच्या अंगीही हा गुण आहे. शिवाय सोने गंजत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ सोन्यावर अतिसूक्ष्म उंचवटे घडवितात. त्यांचे माप नॅनोमीटर. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर होय. दोन उंचवट्यांमधील फटीत प्रकाशाचा जोर एकवटतो. तेथे अडकलेल्या रेणूची खूण लक्षावधी पटींनी ठळक होते व यंत्रास ती वाचता येते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही सोन्याच्या सूक्ष्म कणांवर संशोधन झाले. सोन्याच्या क्षाराचे द्रावण व गवती चहाचा अर्क एकत्र करून मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिकोणी कण तयार केले. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी चिंचेच्या पानांच्या अर्कापासून केलेल्या कणांनी रासायनिक बाष्पांची चाहूल घेता येते, असेही त्यांनी दाखविले.

तथापि, पाण्यातील गाळ व इतर द्रव्ये या परीक्षेत अडथळा आणतात. शिवाय, कसोटी दोष दाखविते. तो दूर करीत नाही. म्हणून फवारणीचा पंप विहिरीच्या काठी धुऊ नये, औषधाचे रिकामे डबे ओढ्यात टाकू नयेत. विहीर बाटविण्यास एक क्षण पुरतो. ती पुन्हा निर्मळ करण्यास मात्र दीर्घ काळ लागतो.